चाटवून अ‍ॅलर्जी जात नाही

मंगळवारी रात्री नागपुरातल्या खामल्याहून आईचा फोन आला. "अरे बाबू, रविवारी पोराला वॉटर पार्कला नेऊन राहिले ना तुम्ही? मग आजपासून रोज चिमूटभर दाण्याचा कूट मधात कालवून चाटवू त्याला. तीन आठवडे लागतात म्हणे, पण चार दिवसांत थोडा तरी फरक पडेल."

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला शेंगदाण्याची आणि काजूची अ‍ॅलर्जी आहे. आईला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी दवाखान्यातल्या बाकड्यावर तिनेच रात्र जागून काढली होती. तिला हे सुचलं ते भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे: 'मुलांच्या अ‍ॅलर्जीचा बाऊ करू नका, बिनधास्त सहलीला जा'. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि संध्याकाळी ऑफिसच्याही. त्यात सहा दावे आहेत. सगळ्यांना सारखा वेळ देण्यात अर्थ नाही, पण पहिल्याला द्यावाच लागेल.

"रोज चिमूटभर दाणे चाटवा, तीन आठवड्यांत अ‍ॅलर्जी कायमची जाते, विदेशी संशोधनाने सिद्ध."

हे संशोधन खरंच आहे, म्हणून तर लोक फसतात. 2015 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लीप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गिडियन लॅक यांच्या गटाने तो केला होता. इस्रायलमधली बाळं दाण्याचे कुरकुरे अगदी लहानपणापासून खातात आणि तिथे दाण्याची अ‍ॅलर्जी कमी दिसते, यावरून तो सुचला. 4 ते 11 महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं घेतली. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर दाणे खाणाऱ्यांमध्ये दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 81 टक्क्यांनी कमी होती.

आता मेसेजवाल्याने जे गाळलं ते. हा अभ्यास अ‍ॅलर्जी होऊ नये यासाठीचा आहे. झालेली अ‍ॅलर्जी घालवण्याशी त्याचा संबंध नाही. त्वचेवरच्या चाचणीत ज्या बाळांना 4 मिलिमीटरपेक्षा मोठी गांधी उठली, त्यांना संशोधकांनी अभ्यासात घेतलंच नाही. कारण त्या बाळांना दाणे देणं धोक्याचं होतं. म्हणजे ज्या पोरांना चाटवायचा सल्ला हा मेसेज देतो, नेमकी तशीच पोरं त्या संशोधनाने बाहेर ठेवली होती!

थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचारही आहे, त्याला ओरल इम्युनोथेरपी म्हणतात. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने जानेवारी 2020 मध्ये त्यासाठी दाण्याच्या मोजलेल्या पुडीला 4 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. त्या उपचाराची पहिली मात्रा अर्धा मिलिग्रॅम प्रथिनाची असते. एका दाण्यात साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम प्रथिन असतं. मग आईच्या चिमटीतला कूट त्या मात्रेच्या किती पट झाला, याचा हिशोब करा. मात्रा दर वेळी वाढवतात ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोर बसवून, आणि वाढवायला महिने लागतात. एवढं करूनही दाणे टाळणं सुटत नाहीच. चुकून पोटात गेलेल्या कणाने जिवावर बेतू नये, एवढाच त्याचा हेतू. हे स्वयंपाकघरात, मधात कालवून, भजनाला जायच्या आधी करायचं काम नाही.

या दाव्याच्या जोडीला एक वाक्य आहे: "लॅबवाले घाबरवून पैसे काढतात." यात अर्धं खरं आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. रक्त तपासून चाळीस-पन्नास पदार्थांची यादी हातात देणारी पॅकेजेस निघाली आहेत. ती यादी पाहून दूध, गहू, तूर सगळं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. रक्तात आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड, सापडलं म्हणजे अ‍ॅलर्जी झालीच, असं नसतं. खाल्ल्यावर काय झालं हे विचारल्याशिवाय निदान होत नाही. पण त्यावरचा उपाय चांगल्या डॉक्टरला दाखवणं हा आहे. घरी चाटवून बघणं हा नाही.

"कढत तेलात तळलं की अ‍ॅलर्जी जळून जाते, तेव्हा पार्कमध्ये तळलेलंच खा."

हे वाचून माझा हात थरथरला, कारण आमच्यावर आलेलं संकट तळणातूनच आलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, शहराबाहेरचा एक वॉटर पार्क. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. खाण्याच्या काउंटरवर मी दोनदा विचारलं. तिथला पोऱ्या म्हणाला, "भाऊ, फक्त आलू अन् मीठ आहे." तो खोटं बोलत नव्हता. पण शेजारच्या परातीत साबुदाणा वडे होते, आणि कढई एकच, झाराही एकच. नंतर जाऊन पाहिलं तर झाऱ्याच्या जाळीत फुगलेला साबुदाणा आणि दाण्याचा तांबूस चुरा अडकलेला होता. पोराने सात-आठ फिंगर चिप्स खाल्ले असतील. आधी खोकला आला, आम्हाला वाटलं नाकात पाणी गेलं. डोळे लाल झाले, म्हटलं क्लोरीनने झाले असतील. अंग कापत होतं, म्हटलं गार पाण्यातून आलाय. टॉवेलने पुसताना पाठीवर गांध्या दिसल्या, आणि "बाबा" म्हणाला तो आवाज घोगरा होता. अशा वेळी द्यायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लॉकरमध्ये होतं. लॉकरची किल्ली बायकोच्या मनगटाला, आणि ती लाटांच्या तलावात.

दाण्याची प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. भाजलेल्या दाण्यातली प्रथिनं तर आयजीईला कच्च्यापेक्षा जास्त घट्ट चिकटतात. अंडं किंवा दूध केकमध्ये पूर्ण भाजलं गेलं तर ते अनेक मुलांना चालतं. बहुधा तिथूनच कोणीतरी हे उचललं असावं. दाण्याला ते लागू नाही. आणि आपल्याकडे दाणा कुठे नाही? पोह्यांवर, कोशिंबिरीत, उपासाच्या प्रत्येक पदार्थात, चटणीत. काही घरी सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीच्या, सारणातही असतो. काजूच्या नावाखाली दाणे वाटून घातलेली ग्रेव्ही आणि बर्फीही मिळते. म्हणून "यात दाणे आहेत का?" एवढं विचारून भागत नाही. "याच तेलात आणखी काय तळता?" हेही विचारावं लागतं, आणि उत्तर ऐकताना नजर कढईवर ठेवावी लागते.

"काही झालंच तर एक अ‍ॅलर्जीची गोळी द्या आणि हळद-तूप चाटवा, तासाभरात उतरतं."

पहिला दावा जीव धोक्यात घालतो आणि हा उरलेला वेळ खातो. सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज आणि गांध्या कमी होतात. घशाची सूज, आखडलेला श्वास, घसरणारा रक्तदाब यांवर तिचा उपयोग नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनच लागतं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी आधी लिहून आणि शिकवून दिलेल्या मात्रेत, लगेच द्यायचं. मुलाला आडवं ठेवायचं, धाप लागत असेल तर बसवायचं, चालवायचं नाही. 108 ला फोन करायचा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण काही तासांनी तेच पुन्हा उसळू शकतं. आमच्या मुलाला रात्रभर ठेवून घेतलं ते त्यासाठीच. इंजेक्शन आता लॉकरमध्ये जात नाही. आमच्यातला एक जण कोरडा बाहेर बसतो आणि पिशवी त्याच्या खांद्याला असते. नागपूरच्या मे महिन्यात ते गाडीत ठेवून जाणं म्हणजे औषध वाया घालवणं.

बाकीचे तीन दावे पटकन उरकतो.

"आमच्या काळी कोणाला होती अ‍ॅलर्जी?" होती. तिला नाव नव्हतं, आणि अचानक गेलेल्या पोराचं कारण कोणी विचारत नसे.

"मोठ्या पार्कमध्ये सांगितलं की पुढची जबाबदारी त्यांची." ऑक्टोबर 2023 मध्ये फ्लोरिडाच्या डिस्ने स्प्रिंग्जमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवून एक डॉक्टर महिला अ‍ॅनाफिलॅक्सिसने, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जीवघेण्या झटक्याने, दगावली. वेटरला आपण पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, असं तिच्या पतीने कोर्टात केलेल्या दाव्यात म्हटलं आहे. हे तिथलं, जिथे अ‍ॅलर्जीचा वेगळा मेन्यू हातात देतात. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या 2020 च्या नियमांप्रमाणे अ‍ॅलर्जीची माहिती मेन्यूवर देण्याचं बंधन आहे ते केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. पार्कातला एकटा वड्याचा ठेला त्यात येत नाही.

"सुप्रीम कोर्टाने बाहेरचं खाणं बंद केलंय, डबा नेणं बेकायदा." कोर्टाने 3 जानेवारी 2023 रोजी निकाल दिला तो सिनेमागृहांबद्दल. मालकाला बाहेरचं खाणं मनाई करता येतं, एवढंच त्यात आहे. प्यायचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना नेऊ द्यावं, हेही तिथेच म्हटलंय. डबा नेणं गुन्हा ठरत नाही. गेटवर वाद घालण्याआधी पार्कात फोन करायचा, मॅनेजरचं नाव लिहून घ्यायचं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवायची. मी बुधवारी फोन केला. पहिल्यांदा "नाही" म्हणाले. चिठ्ठीचा फोटो पाठवल्यावर "एका मुलापुरता डबा चालेल" म्हणाले.

आईला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डबा मी देते करून. मिक्सरचं भांडं नवीन आणू का रे?" मी म्हटलं, आण.