क्विनच्या मठाखाली बाळं पुरलेली नाहीत

माझी भाची लिमरिकला शिकते. तिने आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या क्विन गावच्या पडक्या फ्रान्सिस्कन मठाचे (म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या ख्रिस्ती साधूंच्या मठाचे) फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, आणि त्याखाली कुणीतरी ‘दडपलेलं सत्य’ नावाचा फॉरवर्ड चिकटवला. तो वाचून ताईने पोरीला फोनवर झापलं की असल्या पापाच्या जागी गेलीसच कशाला. म्हणून त्या फॉरवर्डमधला एकेक दावा घेऊन हे लिहितेय.

‘मठातून नन्सच्या मठापर्यंत भुयार होतं, त्यात ७९६ बाळं पुरली.’ त्या भागातला नन्सचा जुना मठ किलोनचा. तो नऊ-दहा किलोमीटरवर आहे आणि मध्ये फर्गस नदी आडवी येते. तिच्याखालून मध्ययुगात भुयार कुणी खणलं म्हणे?

आणि ७९६ हा आकडा क्विनचा नाहीच. तो गॉलवे परगण्यातल्या ट्यूमचा आहे. तिथे १९२५ ते १९६१ या काळात बाँ सेकूर नावाच्या संघाच्या नन्स अविवाहित मातांचं आश्रयगृह चालवत होत्या. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी तिथे दगावलेल्या मुलांच्या मृत्यूच्या नोंदी चिकाटीने मिळवल्या, त्या ७९६ निघाल्या. २०१७ मध्ये सरकारी चौकशी आयोगाने जमिनीखालच्या कप्प्यांत बालकांचे अवशेष असल्याचं जाहीर केलं. हे खरं आहे आणि भयंकर आहे. त्या मुलांची भावंडं अजून हयात आहेत, ती उत्तरं मागताहेत. त्यांच्या दुःखाचा आकडा उचलून दुसऱ्याच परगण्यातल्या, दुसऱ्याच शतकातल्या, दुसऱ्याच पंथाच्या मठाला चिकटवायचा? लाज वाटायला हवी.

‘इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने १५४१ मध्ये एका रात्रीत मठ पाडून सगळे साधू कापले.’ मठ सरकारजमा झाला, छळही झाला. पण चौकाभोवतीच्या पडवीत एक थडगं आहे, त्यावरचा मजकूर वाचा. जॉन होगन, मृत्यू १८२०, वय ८०, इथल्या फ्रान्सिस्कनांपैकी शेवटचा. क्विनमधून हाकलल्यावर या मंडळींनी जवळच ड्रिम इथे आसरा घेतला होता, तिथे तो राहायचा. म्हणजे हेन्रीनंतर पावणेतीनशे वर्षं हे लोक तिथल्या तिथेच तग धरून होते. त्याच दगडावर लिहिलंय की भाविकांच्या दानावर त्याचं पोट चालायचं आणि तो आसपासच्या धर्मगुरूंना मदत करायचा. ‘साधू गडगंज जमीनदार होते’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. माधुकरीवर जगणाऱ्या माणसाची कसली आलीय जमीनदारी! आणि मठ पाडला म्हणता, तर पडवीच्या जोडखांबांच्या कमानी आजही उभ्या आहेत.

‘हा मठ नव्हताच, किल्ला होता.’ बरं, यात थोडं तथ्य आहे. १२८० च्या सुमारास टॉमस डी क्लेअर या नॉर्मन सरदाराने तिथे किल्ला बांधला आणि काही वर्षांतच तो जाळला गेला. कोपऱ्यांवरच्या गोल बुरुजांचे बुंधे आणि त्या जाडजूड भिंती त्याच्याच. पंधराव्या शतकात मॅकनमारा घराण्याने त्याच पायावर मठ उभारला. साधूंनी फौज बाळगली असा त्याचा अर्थ होत नाही.

आयर्लंडचे संत सेंट पॅट्रिक यांनी मठ बांधल्याचं तर सोडूनच द्या. पॅट्रिक पाचव्या शतकातला, आणि ज्यांच्या नावाचा हा संघ ते फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी तो आजच काढून टाका. निदान ७९६ ची ती ओळ तरी.