आडव्या वाऱ्यात ‘दहा नॉट जास्त ठेवा’ म्हणणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या विद्यार्थी वैमानिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो : ‘क्रॉसविंड विमानाच्या मर्यादेबाहेर गेला की अपघात होतो. वेग दहा नॉट जास्त ठेवा, टेकताना रडर मारून नाक सरळ करा. चाकं टेकली की सुटलात.’ (क्रॉसविंड म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, नॉट हे वेगाचं एकक, रडर म्हणजे पायाच्या पेडलने फिरणारा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग.) यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, पंचाईत तीच.

मर्यादेचं आधी. सेस्ना 172 एस या छोट्या विमानाच्या हँडबुकातले 15 नॉट ही मर्यादा नाही; चाचणीत तेवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्याची मर्यादा बरीच आधी येते. जुहूच्या 26 धावपट्टीवर (म्हणजे दिशा साधारण 260 अंश) दुपारी 320 अंशांवरून 14 नॉट वारा आला, तर कोन 60 अंशांचा, म्हणजे आडवा भाग 12 नॉट. पुस्तकात बसतो, नवख्या हातात बसेलच असं नाही.

जादा वेग? 65 ऐवजी 75 नॉटने आलात की ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. विमान टेकतच नाही, तरंगत बाजूला वाहतं. वैतागून योक (हातातलं स्टिअरिंग) पुढे ढकलला की नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी आपटतं, मग उड्या, मग प्रॉपेलर जमिनीला. वेग वाढवायचा तो वारा आणि त्याचा झोत (अचानक वाढणारा जोर) यांच्या फरकाच्या निम्मा : वारा 12, झोत 20, तर 4 नॉट.

पंख सपाट ठेवून नुसता रडर मारला तर नाक सरळ होतं, वाहणं थांबत नाही. वाऱ्याकडचा पंख खाली, रडर उलटा. वाऱ्याकडचं मुख्य चाक आधी, मग दुसरं, शेवटी नोजव्हील. पायपर चेरोकी या विमानात नोजव्हील थेट पेडलला जोडलेलं असतं. ते टेकताना रडर दाबलेलाच राहिला तर विमान झटक्यात वळतं.

आणि ‘सुटलात’? गाडी बिघडते ती बहुतेक इथेच. चाकं टेकली की हात सैल पडतात, एलेरॉन (योकने हलणारी, विमान कलवणारी पंखाच्या कडेची झडप) मधे येतो, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. मागच्या उभ्या शेपटीवर वारा लागून नाक वाऱ्याकडे वळू पाहतं. वेग उतरतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून तो कमी नाही, वाढवत न्यायचा; शेवटी योक वाऱ्याच्या बाजूला पूर्ण. टॅक्सी करतानाही (विमान जमिनीवर चालवत नेतानाही) वाऱ्याची दिशा बघूनच हात ठेवायचा.

फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरत येताना) पूर्ण रडर देऊनही नाक धावपट्टीच्या रेषेत राहत नसेल, तर तो वारा त्या विमानाला झेपणारा नाही. उतरणं सोडून द्यायचं : थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप (उतरताना खाली केलेल्या पंखांच्या झडपा) आधी 20 अंशांवर (एकदम शून्यावर नाही), 60 नॉट धरून वर.