मुलीने सांगितलं की बाबा एसी बंद करतात? खुलासा
फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की अमेरिकेत म्हणे सिद्ध झालंय, मुलीने सांगितलं की वडील एसी, गाडी सगळं कमी करतात. ज्या अभ्यासावरून हे पसरलंय, त्यात असं नाहीये हो. तो अभ्यास नॉर्थ कॅरोलायनातला, २०१९ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात आलेला, त्यात १० ते १४ वर्षांची शाळकरी मुलं हवामानबदल शिकली, घरी आईवडिलांशी बोलली, आणि मग पालकांची हवामानबदलाबद्दलची काळजी किती वाढली एवढंच मोजलं, वीजबिल वगैरे नाही! वडिलांमध्ये आणि राजकीयदृष्ट्या रूढीवादी (कॉन्झर्व्हेटिव्ह) पालकांमध्ये फरक जास्त पडला, मुली जास्त प्रभावी ठरल्या, हे मात्र खरंय आणि मला तरी हेच फार मोठं वाटतं. काळजी वाटणं वेगळं, सवय बदलणं वेगळं, प्लीज फॉरवर्ड करताना तेवढं दुरुस्त करा.