खुलासा : खाण्यातल्या रंगांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) होतो, हे सिद्ध झालेलं नाही

"साउदॅम्प्टन विद्यापीठाने सिद्ध केलंय, खाण्यातल्या रंगांमुळे मुलांना एडीएचडी होतो. रंग बंद करा, औषधं सोडा." हा मेसेज मंगळवारी मीही सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे.

काल खालच्या मजल्यावरच्या ताई फोनवर तोच मेसेज उघडून आल्या. "मग मुलाची एडीएचडीची गोळी आजपासून बंद करू का?" पोटात धस्स झालं. रात्री 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला साउदॅम्प्टनचा २००७चा मूळ शोधनिबंध वाचला.

त्यात ३ वर्षांची १५३ आणि ८-९ वर्षांची १४४ मुलं होती, तीही सर्वसाधारण. एडीएचडी आहे म्हणून निवडलेली नव्हेत. त्यांना कधी रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) घातलेलं पेय दिलं, कधी तसंच दिसणारं साधं. कोणतं कधी, हे ना घरच्यांना माहीत, ना निरीक्षकांना. चंचलता सरासरीने थोडीच वाढली, मुलागणिक फरकही बराच होता. दोष रंगाचा की बेन्झोएटचा, हे त्यातून कळत नाही. औषधांची तर त्यात तपासणीच नव्हती.

रंगीत गोळ्या-चॉकलेटं कमी केलीत तर उत्तमच. युरोपात २०१०पासून सहा रंगांसाठी पाकिटावर इशारा छापावा लागतो. पण औषधाचं मुलाच्या डॉक्टरांनाच विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.