काटा मारायला शिका

भूक मारायची औषधं घ्यावीत की नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. म्हणजे घ्यायची, हे तुमचं ठरलेलं आहे. आता फक्त 'फायदे-तोटे तोलून बघितले हो' असं चार लोकांत सांगता आलं पाहिजे, एवढंच उरलं. त्याची चिंता सोडा. मी उसाच्या पट्ट्यातला माणूस आहे. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याचा त्या काट्यावर जेवढा विश्वास असतो, तेवढाच माझा जगातल्या सगळ्या तोलामापांवर आहे. काटा कसा मारायचा हे आमच्याकडच्या पोराला शिकवावं लागत नाही. तुम्हाला फुकट शिकवतो.

पहिली गोष्ट, तागडी डॉक्टरच्या हातात द्यायची नाही. तो नको ते विचारतो. पित्ताशयात खडे झाले होते का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? मूल होऊ द्यायचा विचार आहे का, कारण सेमाग्लुटाइड हे भूक मारायचं इंजेक्शन त्याआधी निदान दोन महिने बंद करावं लागतं. एवढ्या चौकशा तर स्थळ बघायला आलेली माणसंही करत नाहीत. त्यापेक्षा जिममधला ट्रेनर, पार्लरवाल्या ताई आणि न्यू जर्सीतला चुलतभाऊ अशी त्रिसदस्यीय समिती नेमा. त्यांच्यापैकी एकही जण तुम्हाला रक्त तपासून ये म्हणणार नाही.

आता फायद्याचं पारडं भरायला घ्या. त्यात टाकायला एक अस्सल वजन आहे. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी झाली, १,९६१ माणसं, आणि औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. खोटं नाही, छापून आलेलं आहे. माझ्या ८६ किलोंवर हिशेब केला तर जवळजवळ पावणेतेरा किलो. तेवढ्यात आमच्या आळीतलं एखादं दोन वर्षांचं पोर येईल. हा आकडा पाठ करा आणि तिथंच थांबा. पुढं वाचलंत तर कळेल की हे ६८ आठवड्यांत झालं, म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त. कळेल की सगळ्यांना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शनही चालू होतं. आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, हेही कळेल. आपण वजनाचं विसर्जन करताना 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो ते त्यानं इतकं मनावर घ्यायला नको होतं, पण घेतं.

पारडं अजून हलकं वाटतंय? उसनवारी करा. २०२३ साली आणखी एक चाचणी जाहीर झाली. १७,६०४ माणसं, सगळी पंचेचाळिशीच्या पुढची, सगळ्यांना आधीपासून हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचं दुखणं, आणि अंगानं जाड. त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी घटलं. हे वजनही अस्सल, पण मालक दुसरा. तुम्ही सव्वीस वर्षांच्या असाल, हृदय ठणठणीत असेल आणि चार किलोंसाठी ब्लाउज अडला असेल, तरी बिनदिक्कत सांगा : 'अगं, हृदयालासुद्धा चांगलं असतं म्हणे.'

आमच्या भाचीनं असंच सांगितलं होतं. लग्न सहा आठवड्यांवर. आमच्याकडं केळवण होतं, म्हणून हिनं पाटाभोवती रांगोळी काढली, चांदीचं ताट काढलं, पुरणपोळ्या केल्या. भाची पाटावर बसली आणि पोळीकडं अशी बघायला लागली की जणू ती पोळी नाही, दहावीच्या गणिताचा पेपर आहे. मामीनं तुपाची वाटी पोळीवर उपडी केली. तुपाचा ओघळ पोळीच्या कडेनं वाटोळा फिरत कटाच्या आमटीच्या वाटीला जाऊन टेकला. भाचीनं एक घास तोडला, तो बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाली, 'मामी, पोट भरलंय गं.' कशानं भरलंय? तर आदल्या दिवशीच्या दुपारच्या दोन इडल्यांनी. या औषधानं पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मेंदूकडं 'जेवण झालं' असा निरोप जात राहतो. इडली पोटात मुक्कामाला असते.

पण आमच्याकडं एका घासावर पाहुणा उठला तर घराची अब्रू जाते. हिनं आग्रह केला. तिनं मामीचं मन राखलं. पाचव्या घासाला जो ढेकर आला त्याला नासक्या अंड्याचा वास होता, आणि मग ती जी बेसिनकडं पळाली ती रात्री सलाइनची बाटली लागल्यावरच थांबली. नंतर हळूहळू उलगडलं. हे औषध पहिल्या महिन्यात आठवड्याला पाव मिलिग्रॅम, मग अर्धा, असं जिना चढल्यासारखं वाढवत न्यायचं असतं. भाचीकडं तेवढ्या पायऱ्या चढायला वेळ नव्हता, म्हणून तिनं थेट एक मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. आणि इंजेक्शनचं पेन? ते आत्याचं. आत्याला डायबेटिस आहे, तिला रीतसर लिहून दिलेलं. 'सुई नवीन लावली होती मामा,' भाची म्हणाली. आता सुई बदलली तरी पेनाच्या आत दुसऱ्याचं रक्त गेलेलं असू शकतं, म्हणून कुणाचं पेन कुणी वापरायचं नसतं. पण शाळेत शेजारच्या बाकावरून पेन मागायची सवय एकदा लागली की लागली.

तर मुद्दा असा, की धोक्याच्या पारड्यातल्या प्रत्येक गोष्टीला आधी गोंडस नाव द्या. मळमळ म्हणू नका, डिटॉक्स म्हणा. बद्धकोष्ठाला म्हणा शरीर जुळवून घेतंय. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे धरतात, त्यांना अजून चांगलं नाव सुचलेलं नाही, सुचलं तर कळवा. चरबीबरोबर दंडामांड्यांचे स्नायूही उतरतात, आणि पंचावन्नच्या पुढच्या माणसाला जिना चढायला स्नायू लागतात, चरबी नाही. काटा मात्र दोन्ही सारखंच मोजतो, तेव्हा गप्प राहा. खोक्यातला घडीचा कागद उलगडू नका. एकदा उलगडला की तो परत तसा घडी होत नाही. डुगडुगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली मात्र छान बसतो. आणि ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना यातलं काही सांगायचं नाही. तुम्ही रात्रीपासून उपाशी आहात असं तुम्हाला वाटतं, पोटाला तसं वाटेलच असं नाही, आणि त्या टेबलावर पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. पण एवढी खासगी गोष्ट परक्या माणसाला का सांगा?

इतिहास वाचायची सवय असेल तर ती ताबडतोब मोडा. नाहीतर कळेल, की भूक मारायची जादू दर पिढीला एकदा सापडते आणि दर वेळी 'हे मागच्यासारखं नाही हो' असंच म्हणतात. १९६५ साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स आलं. लोकांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब इतका वाढायला लागला की १९६८ ला ते बाजारातून गेलं. पुढं अमेरिकेत फेन-फेन. फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन, दोघांनाही वेगवेगळी मान्यता होती, एकत्र द्यायला कुणी मान्यता दिली नव्हती. पण जोडी जमली. १९९७ च्या जुलैत चोवीस बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं जाहीर झालं आणि सप्टेंबरात फेनफ्लुरामीन मागं घ्यावं लागलं. रिमोनाबांट युरोपात २००६ ला आलं. त्यानं भूक मेली, पण काहींची जगायची इच्छाही मंदावली, म्हणून २००८ ला थांबवलं. सिब्युट्रामीन तर आपल्याकडंही धो धो खपलं. त्यानं हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे कळल्यावर युरोप-अमेरिकेतून ते २०१० मध्ये उठलं आणि भारतात २०११ मध्ये बंदी आली.

बंदी आली म्हणून नाराज होऊ नका. तुम्हाला ॲलोपॅथीची भीती वाटत असेल आणि तुम्ही 'शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही' अशी हिरव्या डबीतली पावडर मागवत असाल, तर नशीब जोरावर असल्यास सिब्युट्रामीन तुम्हाला आजही मिळेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा हर्बल म्हणवणाऱ्या कॅप्सुलांमध्ये ते पुन्हापुन्हा सापडलेलं आहे. वेष्टनावर फक्त तुळस, आवळा आणि पोट सपाट असलेल्या बाईचं चित्र. वर पैसेही घेत नाहीत त्याचे.

आताची इंजेक्शनं त्या जुन्या जातीची नाहीत, हे मान्य. त्यांचं घराणंच वेगळं. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. वर्षातून मोजकी जेवणं करून जगणारा प्राणी. त्याच्या लाळेतल्या एका रेणूवरून डायबेटिसचं औषध निघालं, २००५ साली मान्यता मिळाली, आणि त्याच वाटेनं पुढची मंडळी आली. आपल्या घोरपडीचा हा लांबचा भाऊबंद. दंतकथेतली घोरपड गडावर चढायला उपयोगी पडली, हा उतरायला.

पैशाचं म्हणाल तर, २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड हे याच घराण्यातलं दुसरं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा सगळ्यात छोट्या डोसची कुपी साडेतीन हजारांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा हजार. हिनं ऐकून विचारलं, 'एवढे पैसे देऊन जेवायचं नाही?' २०२६ च्या मार्चपर्यंतच सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट. स्वस्त झालं की ज्याला खरी गरज आहे त्याला परवडेल, हे चांगलंच. आणि ज्याला अजिबात गरज नाही त्यालाही परवडेल.

इथपर्यंत वाचून जे मान डोलावताहेत, 'बघा, आम्ही म्हणतच होतो, ही सगळी थेरं', त्यांच्यासाठी काटा मारायची दुसरी तऱ्हा. यात बोट धोक्याच्या पारड्यावर ठेवायचं. आमच्या सोसायटीतले नाना यात वस्ताद. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं वजन ११२, साखर वाढलेली, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी सगळं तपासून, नीट समजावून इंजेक्शन लिहून दिलं. नानांनी लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या प्रवासात निकाल दिला : 'औषधं कसली घेता वहिनी, तोंडाला आवर घाला. भूक म्हणजे मनाचे खेळ.' वजन उतरायला लागलं की शरीर उलट भुकेची संप्रेरकं वाढवतं, हे नानांच्या गावी नाही. वहिनींची ती चिठ्ठी सहा महिने फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली अडकून पडली होती. नाना स्वतः ब्लडप्रेशरची गोळी घेतात. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. 'रक्तवाहिन्यांना जरा आवर घाला' असं त्यांना लिफ्टमध्ये आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तर तुम्ही नानांसारखे व्हा किंवा भाचीसारखे, मार्ग खुले आहेत.

मी मात्र नको तिथं गेलो. डॉक्टरकडं. त्याआधी घरी गणित केलं होतं. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय २९.८. दुसरा काही आजार नसेल तर या औषधासाठी ३० लागतो. म्हणजे मी अवघ्या दोन दशांशांनी नापास. गुणांची अशी चणचण असली की काय करायचं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मला सातशे ग्रॅम ग्रेस हवे होते. विजारीच्या एका खिशात मोबाइल आणि पॉवर बँक घातली, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा आणि गोठ्याचं पितळी कुलूप.

दवाखान्यात कोपऱ्यात वजनकाटा होता. मी चढलो. खाली नजर गेली, आकडा वर चढायला लागला, आणि शेजारी नर्स वही घेऊन उभी. कसं झालं कळलं नाही, पण माझा डावा हात आपोआप भिंतीला टेकला आणि अंगाचा भार तिकडं गेला. आकडा घसरून ८४ वर आला.

'काका,' नर्स वहीतून मान वर न काढता म्हणाली, 'भिंत सोडा. आणि खिशातलं कुलूप काढून टेबलावर ठेवा.'