माढ्याच्या भावी खासदारांना चार सूचना

आमच्या गावच्या फाट्यावर तुमचा फ्लेक्स पाहिला. 'भावी खासदार, माढा लोकसभा'. डोळ्यांवर काळा गॉगल, कानाला मोबाईल, खाली शुभेच्छुकांचे बत्तीस चेहरे, त्यातला एक चुकून दोनदा छापलेला. म्हणजे अर्धी तयारी झालीच म्हणायची. उरलेली अर्धी म्हणजे मतदारसंघ नेमका कुठून कुठवर आहे ते समजून घेणं. त्यावाचून आजवर कुणाचं अडलेलं नाही, पण एखादा पोरगा माईक पुढे करून विचारायचा, तेव्हा ऐकून ठेवा.

पहिली सूचना, नावावर जाऊ नका. मतदारसंघ क्रमांक ४३ माढ्याच्या नावाचा असला तरी त्यात करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे सोलापूर जिल्ह्यातले चार विधानसभा मतदारसंघ येतात, फलटण आणि माण हे सातारा जिल्ह्यातले दोन. सकाळी करमाळ्यात कमलाभवानीला नारळ फोडून निघालात तर म्हसवडच्या सिद्धनाथापुढे हात जोडेपर्यंत दुपार कलते. वाटेत उजनीचं पाणी लागतं, अकलूजचा ऊस लागतो, आणि माणमध्ये पोचलं की टँकर लागतो. भाषणं तीन ठेवा. उसाचं माणमध्ये काढू नका.

विधानसभेच्या हद्दींच्या नादाला मात्र लागूच नका. कुर्डूवाडी माढा तालुक्यात आहे, पण आमदार निवडते करमाळ्याचा. पंढरपूर तालुका तर वडिलोपार्जित जमिनीसारखा चार हिश्शांत वाटलाय: काही गावं पंढरपूर विधानसभेत, काही माढ्यात, काही सांगोल्यात, काही मोहोळमध्ये. त्यातला पंढरपूर आणि मोहोळचा हिस्सा सोलापूर लोकसभेत, माढा आणि सांगोल्याचा तुमच्याकडे. मी यातल्याच एका गावचा. सातबारा पंढरपूरला, बाजार पंढरपूरला, एकादशी पंढरपूरला, आणि खासदार माढ्याचा. २००९ साली आमचे तात्या मतदान करून आले ते ओट्यावर बसून राहिले. "मास्तर म्हनला आता आपन माढ्यात. म्या इचारलं, घर कवा हाललं?"

घर हललं नव्हतं, रेघ हलली होती. २००१ची जनगणना धरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने नकाशे पुन्हा आखले आणि २००८ मध्ये ते लागू झाले. पंढरपूर हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला जुना लोकसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला, त्याच्या जागी खुला माढा आला, आणि राखीव झाला सोलापूर. तेव्हाचे पंढरपूरचे खासदार रामदास आठवले मग शिर्डीतून उभे राहिले. पंढरी सोडून शिर्डीला गेले. तिथे श्रद्धा होती, सबुरी होती, मतं नव्हती. यातून शिकायचं ते हे, की मतदारसंघावर जीव लावू नका. पुढच्या जनगणनेनंतर पुन्हा पट्टी-पेन्सिल निघणार आहे. जीव लावायचाच असेल तर कारखान्यावर लावा, त्याची हद्द कुणी हलवत नाही.

दुसरी सूचना. तुम्ही बाहेरचे आहात का, याची चिंता सोडून द्या. उलट इथला पहिला खासदारच बारामतीचा. २००९ साली शरद पवारांनी बारामती सुप्रियाताईंना दिली आणि स्वतः माढा घेतला. म्हणजे लेकीला घर दिलं आणि आपण शेतातल्या वस्तीवर राहायला आले. वस्तीने तीन लाखांहून जास्त मताधिक्याने स्वागत केलं. समोर भाजपचे सुभाष देशमुख होते, महादेव जानकर होते. देशाचे कृषिमंत्री आपले खासदार, म्हणून आम्हीही पाच वर्षं कॉलर ताठ ठेवली. २०१४ला ते राज्यसभेत गेले. कॉलर आम्हीच खाली केली.

तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची, तेव्हा चहा मागवा.

पक्ष हा उन्हाळ्यातल्या टॉवेलासारखा खांद्यावर ठेवायचा असतो, अंगात घालायचा नसतो. विजयसिंह मोहिते-पाटलांचं उदाहरण घ्या. उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस. पण त्याच पुनर्रचनेत घरचा माळशिरस राखीव झाला. २००९ला विधानसभेसाठी पंढरपुरात आले आणि भारत भालकेंकडून हरले. २०१४ला माढ्यातून लोकसभेला उभे राहिले, मोदी लाटेत 'स्वाभिमानी'च्या सदाभाऊ खोतांशी झुंज झाली आणि पंचवीसेक हजारांनी निसटले. तेव्हा एखादी निवडणूक पडलात तर लगेच घरी बसू नका, वरच्या निवडणुकीची तयारी करा.

२०१९चा हिशोब वही घेऊन लिहा, तोंडी जमणार नाही. आधी पवार पुन्हा उभे राहणार असं ठरलं, मग नाही ठरलं. मार्चपर्यंत साताऱ्यात काँग्रेसचे जिल्हाध्यक्ष असलेले फलटणचे रणजितसिंह नाईक निंबाळकर भाजपचे उमेदवार झाले. भाजपच्या साथीने सोलापूर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झालेले संजयमामा शिंदे राष्ट्रवादीचे उमेदवार झाले. मोहिते-पाटील राष्ट्रवादीचे खासदार, त्यांचे चिरंजीव रणजितसिंह भाजपमध्ये गेले आणि मोहिते-पाटलांच्या अकलूजने राष्ट्रवादीच्या विरोधात ताकद लावली. निंबाळकर ८५ हजारांवर मतांनी निवडून आले. दोन रणजितसिंह एकाच व्यासपीठावर, त्यामुळे घोषणा देणाऱ्यांची सोय झाली. आमच्या गावात एका भल्या माणसाने त्या वर्षी दोन्ही गळपट्टे धुऊन एकाच दोरीवर वाळत घातले होते. विचारलं तर म्हणाला, "वारा कुठनं सुटंल, काय सांगता येतंय?"

आणि २०२४. त्याच अकलूजचे धैर्यशील मोहिते-पाटील, विजयसिंहांचे पुतणे, भाजप सोडून पवारांकडे आले, तुतारी वाजवणारा माणूस घेऊन उभे राहिले आणि त्याच निंबाळकरांना १ लाख २० हजारांवर मतांनी पाडलं. ज्या वाड्याने आणलं त्याच वाड्याने घालवलं. तेव्हा फ्लेक्सवर पक्षाचं चिन्ह लहान छापा, अकलूज आणि संजयमामांच्या निमगावच्या दिशेने बघणारा फोटो मोठा छापा, आणि फलटणमध्ये निंबाळकरांपैकी कुणाच्या पाया पडलात हे दुसऱ्या निंबाळकरांना कळू देऊ नका.

चिन्हाचा विषय निघालाच आहे तर, एक वाद्य जवळ ठेवा. २०२४ला आमच्या मशीनवर तुतारी वाजवणारा माणूस होता आणि एका अपक्षाची नुसती तुतारीही होती. लोक तिला पिपाणी म्हणायचे. पिपाणीला पन्नास हजारांवर मतं पडली. इथे फरक मोठा होता म्हणून चाललं. शेजारी साताऱ्यात पिपाणीची मतं शशिकांत शिंदेंच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. तेव्हा तुमच्या चिन्हासारखं दिसणारं दुसरं चिन्ह कुणाला मिळालंय ते आधी बघा.

चौथी सूचना पाण्याची. थोडक्यात सांगतो, कारण पाणी इथे थोडंच असतं. निरा-देवघर, जिहे-कठापूर, टेंभू, कृष्णा-भीमा स्थिरीकरण, ही नावं न अडखळता म्हणता आली पाहिजेत. रोज रात्री झोपताना म्हणा. कुठली योजना कुठल्या तालुक्याची ते मात्र चुकवू नका. सांगोल्यात टेंभूच्या जागी जिहे-कठापूर म्हणालात तर डाळिंबाच्या बागेतनं माणूस उठून तुम्हाला सुधारेल. 'फलटण–पंढरपूर रेल्वे' हा शब्द शेवटच्या सभेसाठी राखून ठेवा. तो कितीही वापरला तरी झिजत नाही.

चुकीचे आदर्श डोळ्यापुढे ठेवू नका, हेही सांगून टाकतो. सांगोल्यात गणपतराव देशमुख नावाचे एक आमदार होऊन गेले. एकच पक्ष, शेतकरी कामगार, आणि अकरा वेळा निवडून आले. एसटीने फिरायचे. अशाने पुढच्या माणसांची फार पंचाईत होते. लोकांना वाटतं, असंही जमतं. त्यापेक्षा त्यांच्यानंतर त्याच सांगोल्यातून ७६८ मतांनी निवडून आलेले शहाजीबापू पाटील बघा. २०२२ला एकनाथ शिंदेंच्या बंडात गुवाहाटीला गेले, फोनवर 'काय झाडी, काय डोंगार' म्हणाले आणि अख्ख्या देशाला सांगोला माहीत झाला. झाडी आसामची होती, हा तपशील झाला.

आषाढीला मात्र चुकू नका. माउलींची पालखी फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत तुमच्याच मतदारसंघातून चालते. तुकोबांची अकलूजला असते. रिंगणात उभे राहा, फुगडी घाला, फोटो काढा. हद्दीपर्यंत पोचवून मागे फिरा. पुढे पंढरपूर शहर आहे, ते सोलापूर लोकसभेत येतं. विठोबाला काय घालायचं ते साकडं घाला, पण मत मागू नका, त्याचं नाव तुमच्या यादीत नाही.

आणि जाता जाता, त्या फ्लेक्सबद्दल. फाट्यावर जिथे तो बांधलाय ना, ते चिंचेचं झाड ओढ्याच्या पलीकडे आहे. पलीकडचं गाव मोहोळमध्ये, म्हणजे सोलापूर राखीवमध्ये. रात्रीतून पोरं पाठवा आणि ओढ्याच्या अलीकडे घ्या. अलीकडे झाड नाही, बांबू आणायला सांगा.