त्याची आई कुठे होती?

परवा कुणीतरी तो व्हिडिओ पुन्हा शेअर केला. टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेल्या टायटन पाणबुडीला समुद्रात घेऊन गेलेल्या पोलर प्रिन्स जहाजावर एक बाई कॉम्प्युटरसमोर बसली आहे. दार आपटल्यासारखा आवाज होतो. ती मान वळवते, किंचित हसते आणि विचारते, कसला आवाज झाला? मग समोर पाणबुडीतून आलेला संदेश दिसतो, दोन वजनं टाकली म्हणून, आणि तिला वाटतं सगळं ठीक आहे. ती वेंडी रश. पाणबुडी चालवणाऱ्या स्टॉकटन रशची बायको. तो आवाज तिचा नवरा आणि बरोबरचे चौघं गेल्याचा होता. संदेश आधी निघाला होता, पण आवाजाच्या मागून पोहोचला.

खाली पहिलीच कमेंट मराठीत. हसणारे तीन इमोजी आणि "पैशाचा माज, दुसरं काय."

दोन वर्षांहून जास्त काळ हे मनात साठलंय. आज लिहून टाकते.

जून २०२३. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मी अलिबागला तिच्याकडे राहिले होते. टायटन बेपत्ता होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या ग्रुपवर भाच्याने एक फॉरवर्ड टाकला, व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचा फोटो आणि खाली टवाळीची ओळ. (पाणबुडी खरोखरच तसल्या कंट्रोलरने चालवायचे.) खाली सगळ्यांचं हसणं सुरू झालं. मीही हसण्याचा इमोजी टाकला होता, हे लपवत नाही. आत्याला काळा चष्मा लावलेला, स्वतः वाचता येत नव्हतं. फोन सारखा वाजतोय म्हटल्यावर तिने विचारलं, "काय झालंय गो? एवढं काय हसताय?"

मी सांगितलं. टायटॅनिकचे अवशेष बघायला माणशी दोन कोटी रुपये भरून पाच जण समुद्राच्या तळाशी निघाले होते, त्यांचा पत्ता नाही. त्यात एक बाप आणि मुलगा आहेत.

"पोरगा केवढा?"

"एकोणीस."

"आणि त्याची आई कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. घरी असेल, म्हटलं. ती गप्प बसली. मी फोन उलटा करून ठेवला.

आत्याचं घर हे रामदास बोटीतलं घर आहे. आमच्याकडे असंच म्हणतात. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्याचे थोरले काका त्यात होते. आत्या तेव्हा पाच वर्षांची. मी लहानपणापासून त्या बोटीबद्दल ऐकत आले, पण आमच्या गावात "भर पावसात कशाला निघाले होते?" असं बुडालेल्यांना कुणी म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. म्हाताऱ्या बायकांचा प्रश्न एकच असायचा, बोट सोडली कुणी?

टायटनच्या वेळी हा प्रश्न विचारायला कुणाला सवडच नव्हती. एका अमेरिकन वाहिनीने पडद्यावर ऑक्सिजन संपायचं घड्याळ लावलं होतं, ९६ तासांतले किती उरले ते दाखवायला. त्याचे स्क्रीनशॉट आपल्याकडे फिरत होते. "हौसेला मोल नसतं." "दोन कोटीत जलसमाधी." शहजादा दाऊद आणि सुलेमान दाऊद हे बापलेक मूळचे पाकिस्तानी, त्यामुळे देश आणि आडनाव यांवरून आमच्याच ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते मी इथे उतरवणार नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा होता, एवढंच पुन्हा सांगते.

या हसण्यामागचा राग मला कळत नाही असं नाही. टायटनच्या चारच दिवस आधी, १४ जूनला, ग्रीसच्या पायलोसजवळच्या समुद्रात एड्रियाना नावाची मासेमारी बोट बुडाली. लिबियातल्या तोब्रुकहून निघालेली, कोंबून भरलेली. सुमारे साडेसातशे माणसं होती तिच्यात, शेकडो पाकिस्तानातली, शिवाय इजिप्त आणि सीरियाची. १०४ वाचली. ८२ मृतदेह हाती लागले. बायकामुलं खालच्या कप्प्यात होती आणि वाचलेल्यांत एकही बाई नव्हती. युरोपच्या सीमा यंत्रणेच्या विमानाने ती बोट आदल्या दिवशीच पाहिली होती. भूमध्य समुद्र जिथे सगळ्यात खोल आहे, त्या भागात ती गेली. पाच जणांसाठी अमेरिका, कॅनडा, फ्रान्सची विमानं, जहाजं आणि तळाशी जाणारे रोबो धावले. त्या साडेसातशेंसाठी यातलं काय धावलं? ओबामा त्याच आठवड्यात अथेन्समध्ये हे बोलले. ते खरंच होतं. बातमीलासुद्धा माणसाचा खिसा दिसतो, याची चीड यायलाच हवी.

पण एक गोष्ट मी तेव्हापासून बघत आलेय. टायटनवर हसताना ज्यांनी एड्रियानाचं नाव पुढे केलं, त्यांनी नंतर ते नाव कधी घेतलंच नाही. २०२५ मध्ये ग्रीक तटरक्षक दलाच्या १७ जणांवर या प्रकरणी आरोप ठेवले गेले. माझ्या फेसबुकवर ती बातमी एकानेही शेअर केली नाही. त्या बुडालेल्या बायकामुलांचं दुःख आपल्याला नव्हतंच. आपल्याला हसायला परवानगी हवी होती आणि ती आपण त्यांच्या नावावर काढली. हे मला फार लागतं.

आणि हसण्याच्या भरात खरा गुन्हा नजरेआडच राहिला.

डेव्हिड लॉक्रिज नावाचा माणूस टायटन बनवणाऱ्या ओशनगेट कंपनीत नोकरीला होता. २०१८ मध्ये त्याने लेखी दिलं की या पाणबुडीची नीट चाचणी झालेली नाही, माणसं बसवू नका. समोरची काच १,३०० मीटरपर्यंतच प्रमाणित होती आणि टायटॅनिक आहे ३,८०० मीटरवर. तिथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ चारशे किलोचा भार येतो. कंपनीने त्याला काढून टाकलं. त्याने सरकारी सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, तर कंपनीने त्याच्यावरच खटला भरला. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीसहून जास्त जाणकारांनी कंपनीचा प्रमुख स्टॉकटन रशला पत्र लिहिलं की बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्या, नाहीतर अनर्थ होईल. त्याने तपासणी करून घेतली नाही. सुरक्षा एका मर्यादेनंतर निव्वळ नासाडी असते, असं तो मुलाखतीत सांगायचा.

प्रवाशांना तर प्रवासी म्हणतच नव्हते. "मिशन स्पेशालिस्ट" म्हणायचे. प्रवासी म्हटलं की प्रवाशांच्या सुरक्षिततेचे कायदे लागू होतात, म्हणून. एक शब्द बदलला आणि दोन कोटी भरलेला माणूस कायद्याच्या नजरेतून नाहीसा झाला.

पाणबुडीचं अंग म्हणजे कार्बन फायबरची पाच इंच जाड नळी आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या वाट्या. १५ जुलै २०२२ ला वर येताना आतल्या लोकांनी मोठा आवाज ऐकला. प्लायवूडला पाणी लागलं की पदर सुटायला लागतात, तसे तेव्हा त्या नळीचे पदर सुटले होते, असं पुढे चौकशीत निघालं. बसवलेल्या सेन्सरमध्येही फरक दिसत होता. तरी पुढच्या फेऱ्या झाल्या. नंतर तो हिवाळा ती पाणबुडी कॅनडात सेंट जॉन्सला उघड्यावर उभी होती, बर्फात. उन्हाळा आल्यावर पुन्हा माणसं बसवली. दार बाहेरून बोल्ट आवळून बंद करायचे, आतून उघडायची सोयच नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाचा तीनशेहून जास्त पानांचा अहवाल आला. हा अपघात टाळता आला असता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. जाणाऱ्यांना खाज होती म्हणून अपघात झाला असं कुठेही लिहिलेलं नाही.

"पण त्यांना कळायला नको? मरू शकता, असं लिहिलेल्या कागदावर सह्या केल्या होत्या," हे मला खूप जणांनी ऐकवलंय. पॉल-आँरी नार्जोले त्या पाणबुडीत होता. ७७ वर्षांचा, फ्रेंच नौदलातून निवृत्त, टायटॅनिकपर्यंत ३७ वेळा जाऊन आलेला. तो शेजारी बसणार म्हटल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलाने काय शंका घ्यायची? आपण तरी घेतो का?

दोन डिसेंबरांपूर्वी आम्ही सगळे कोकणात एका बीचवर गेलो होतो. मुलांनी बनाना बोटीचा हट्ट धरला. माझ्या मुलीला दिलेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. त्या माणसाने नायलॉनची सुतळी काढली, तिच्या पोटावर गाठ मारली आणि म्हणाला, "काही होत नाही ताई, रोज एवढी माणसं जातात." मी ती गाठ हाताने ओढून बघितली. ओल्या सुतळीची गाठ, निळी, टोकं जळून काळी झालेली. बोटीला परवाना आहे का, वर माणसं किती बसवायची, मी काही काही विचारलं नाही. पैसे दिले आणि मुलीला बसवलं. ती हसत परत आली म्हणून आज ती आठवण आमच्याकडे फोटोत आहे. परत आली नसती तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं असतं ते मला माहीत आहे: "पर्यटकांचा अतिउत्साह नडला." आणि खाली कमेंटमध्ये लोकांनी विचारलं असतं, आईला अक्कल नव्हती का?

ती सुतळी आणि ती कार्बन फायबरची नळी मला एकाच घरातली वाटते. "आजवर काही झालं नाही" या एका वाक्यावर दोन्ही चालत होत्या. फरक तिकिटाचा. उद्या आपल्याच मत्स्य ६००० मधून तिघं जण सहा हजार मीटरवर उतरायचे आहेत, टायटॅनिकच्याही खाली. ते शास्त्रीय काम आहे आणि तिथे असला बेफिकीरपणा नसेल अशी माझी आशा आहे. पण कुणी प्रश्न विचारला तर तो अपशकुनी ठरू नये, कारण लॉक्रिजला नेमकं तेच ठरवलं गेलं.

सुलेमानबद्दल एक गोष्ट खूप फिरली होती, की त्याला जायचं नव्हतं, भीती वाटत होती, फादर्स डेला वडिलांचं मन राखायला गेला. त्यावरून बापाला शिव्या घालून झाल्या. मग आठवड्याभराने त्याची आई क्रिस्टीन बोलली. म्हणाली, त्याला खरोखर जायचं होतं. खरं तर नवऱ्याबरोबर तिने जायचं ठरलं होतं, पण कोविडमुळे ती सफर रद्द झाली. पुढे पुन्हा योग आला तेव्हा मुलाची हौस बघून तिने आपली जागा त्याला दिली. तो रुबिक्स क्यूब बरोबर घेऊन गेला होता. बारा सेकंदांत सोडवायचा म्हणे. समुद्राच्या तळाशी क्यूब सोडवून विक्रम करायचा होता त्याला, आणि बाप त्याचं चित्रीकरण करणार होता. आपण आणि मुलगी आता क्यूब सोडवायला शिकणार, असं आई तेव्हा म्हणाली.

मुलाखतीत हेही कळलं की ती घरी नव्हतीच. ती आणि मुलगी दोघी वर पोलर प्रिन्सवरच होत्या. संपर्क तुटल्याचं कानावर आलं तेव्हाही, आणि ९६ तास संपले तेव्हाही. आम्ही तो कंट्रोलर फॉरवर्ड करत होतो तेव्हा ती डेकवरून पाण्याकडे बघत होती.

मी आत्याला फोन केला. तिला सांगितलं, तू विचारलं होतंस ना, त्याची आई कुठे आहे, ती तिथेच होती, जहाजावर. चार दिवस.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमची काकू पण चार दिवस बसली होती गो रेवसच्या बंदरात. पाचव्या दिवशी आईने हाताला धरून घरी आणली. तोवर तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. लोक येत होते, शेजारी बसत होते, आणि उठून जात होते."